निवटी : चिखलात राहणारी मासळी

मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण कोकणातल्या खाड्यांत एक मासा असा आहे, की ओहोटीला पाणी निघून गेले म्हणजे तो चिखलावर येतो. तिथे तो सरपटतो, चरतो, उड्या मारतो, शेजाऱ्याशी भांडतो. पाणी परत आले की गुपचूप बिळात शिरतो. या माशाला निवटी म्हणतात. कुठे निवटा म्हणतात. गुजरातेत लेवटा म्हणतात.

ठाणे, रायगड, मुंबईकडच्या मंडळींना निवटी सांगायला नको. ती त्यांच्या कालवणात आहे. पण घाटावरच्या मंडळींनी ती पाहिलेली नसते. कुणी पाहिली तर म्हणतो, "हे बेडकाचे पिल्लू दिसते." तसे ते नव्हे. बेडकाचे पिल्लू वाढले की त्याचा बेडूक होतो. निवटी कितीही वाढली तरी मासाच राहते. ती वीतभर किंवा त्याहूनही आखूड असते. अंग चिखलाच्या रंगाचे आणि बुळबुळीत. डोके मोठे, आणि डोळे बेडकासारखे डोक्यावर आलेले. त्या डोळ्यांमुळेच माणूस फसतो.

या कुळातल्या तीसहून अधिक जाती जगात आहेत. आफ्रिकेचा किनारा, इराणचे आखात, आपला देश, जपान, ऑस्ट्रेलिया, अशा ठिकाणी त्या सापडतात. आपल्याकडे जी जास्त खाल्ली जाते, ती जात इराकपासून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आढळते. द्युस्युमिए नावाचा एक फ्रेंच व्यापारी होता. तो जहाजाने हिंडे आणि मासे गोळा करून पॅरिसला नेई. १८३७ साली तिथल्या एका शास्त्रज्ञाने या जातीचे वर्णन छापले आणि तिला त्या व्यापाऱ्याचे नाव दिले. कोळणींना ती त्याआधी कितीतरी पिढ्या ठाऊक होती. त्यांचे नाव कुणी विचारले नाही, ही गोष्ट वेगळी.

भरती आणि ओहोटी

निवटीचा दिवस घड्याळावर चालत नाही. तो भरती-ओहोटीवर चालतो. म्हणून आधी तेवढे समजून घेऊ.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. चंद्र आणि सूर्य पाण्याला आपल्याकडे ओढतात, म्हणून असे होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरतेही. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ विभागली जाते. तेव्हा पाणी कमी चढते, कमी उतरते. त्याला भांग म्हणतात.

भरतीची वेळ काढायची कोळी लोकांची एक सोपी रीत आहे. तिथीला तीनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. आज चतुर्थी आहे असे धरा. चार त्रिक बारा. बाराला चाराने भागले, तीन आले. म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर? आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला भरती. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरोबर जमतो. थोडा मागेपुढे होतो, पण घड्याळ नसताना आजे-पणजे याच हिशेबावर होडी लोटत होते. करून बघा.

ओहोटीला खाडीच्या कडेला चिखलाचे मोठे मैदान उघडे पडते. मागे तिवराची आणि कांदळाची झाडे, पुढे पाण्याची धार, आणि मध्ये हा चिखल. लांबून बघणाऱ्याला तो ओसाड वाटतो. जवळ जाऊन पाचेक मिनिटे हलू नका. मग बघा, सगळा चिखल हलायला लागतो.

पाण्याबाहेर जगते कशी?

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाणी तोंडातून आत जाते, कल्ल्यांवरून बाहेर पडते, आणि पाण्यात मिसळलेला प्राणवायू रक्तात जातो. बाकीच्या माशांचे कल्ले हवेत एकमेकांना चिकटतात, आणि मासा गुदमरतो. निवटीचे तसे होत नाही. तिची कातडी आणि तोंडाची आतली बाजू यांतून हवा सरळ रक्तात जाते. अट एकच. अंग ओले हवे. म्हणून निवटी थोड्या थोड्या वेळाने डबक्यात लोळते. तुम्ही म्हशीला डबक्यात लोळताना पाहता ना, तसेच. म्हैस उन्हाचा ताप जावा म्हणून लोळते, निवटी श्वास चालावा म्हणून.

डोळ्यांचे असे, की निवटीला पापण्या नाहीत. डोळ्यांतून पाणीही येत नाही. मग डोळा सुकत कसा नाही? ती डोळा खोबणीत खाली ओढून घेते. तिथे कातडीची ओलसर वाटी असते. त्यात बुचकळून डोळा परत वर येतो. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली याचा अभ्यास छापला. डोळा ओला ठेवणे, त्यातली घाण काढणे आणि इजेपासून वाचवणे, या तीन कामांसाठी निवटीच्या कुळातले मासे डोळे मिटतात, असे त्यांना दिसले. आपणही त्याच तीन कामांसाठी पापणी लववतो.

चालणे म्हणाल तर ते कुबड्या घेतलेल्या माणसासारखे. पुढचे दोन पर चिखलात रोवायचे आणि अंग पुढे ओढायचे. घाई असली तर शेपटीच्या झटक्याने उडी.

चिखलाचे शेत

आता निवटी खाते काय, ते सांगतो. इथे शेतकऱ्याने जरा नीट लक्ष द्यावे.

ओहोटीच्या उन्हात चिखलावर एक सोनेरी-तपकिरी साय धरते. ती साय म्हणजे अगदी बारीक शेवाळ. एकेक कण डोळ्यांना दिसणार नाही इतका लहान. पण ते झाडापाल्यासारखेच उन्हावर वाढते. निवटी डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे सरकते, आणि ती साय खरवडून खाते. तिचे खालचे दात पुढे आडवे झुकलेले असतात. कुळवाची फास जमिनीलगत चालावी तसे ते चालतात. चिखलावर तिच्या चरण्याच्या खुणा नीट दिसतात.

म्हणजे चिखल हे तिचे शेत झाले. आणि शेत आले की बांध आलाच!

कुवेत देशाच्या किनाऱ्यावर या माशाचे एक नवल शास्त्रज्ञांनी पाहिले. तिथे निवट्या दाटीने राहतात. प्रत्येक निवटी आपल्या बिळाभोवती तोंडाने चिखल उचलून आणते आणि बांध घालते. बांध चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या बांधाला भिडतात. त्यामुळे जागेचा आकार पाचकोनी, सहाकोनी होतो. वरून बघितले तर मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसते. या बांधाचे दोन उपयोग. एक म्हणजे शेजाऱ्याचे तोंड दिसत नाही, त्यामुळे भांडण कमी होते. दुसरा म्हणजे ओहोटीतही बांधाच्या आत थोडे पाणी साचून राहते, आणि ओल राहिली की शेवाळ चांगले पिकते. आपला भातशेतकरी खाचराला बांध घालतो तो कशासाठी? पाणी धरून ठेवण्यासाठीच ना? बांधाने भांडण कमी होते, एवढी एक गोष्ट मात्र आपल्या गावात लागू पडत नाही.

जिथे दाटी नाही तिथे निवट्या असे बांध घालत नाहीत. तिथे नुसती भांडणे होतात. दोन नर समोरासमोर येतात, पाठीवरचे पर निशाणासारखे उभे करतात, तोंडे वासतात. बहुतेक वेळा एक जण मागे सरतो.

याच कुळातले आणखी लहान मासे तिवराच्या मुळांवर चढून बसतात. ते शेवाळ खात नाहीत. ते किडे आणि लहान खेकडे धरतात.

बिळातली हवेची खोली

या माशाची आम्हांला सर्वांत मोठी वाटलेली करामत बिळात आहे.

खाडीचा चिखल वर करडा आणि खाली काळा असतो. काळ्या चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा ठिकाणी अंडी घातली तर ती गुदमरून मरतील. वर उघड्यावर घातली तर ऊन, बगळे आणि खेकडे. मग घालायची कुठे?

बीळ हातभर किंवा त्याहून खोल असते. त्यात एका बाजूला वर चढणारी खोली असते. या कुळातले नर ओहोटीला बाहेर येतात, तोंडात हवा भरून घेतात, आत जाऊन त्या खोलीत सोडतात. परत वर, परत खाली. असे कितीदा तरी. पालथा तांब्या पाण्यात दाबला की आत हवा राहते. तसेच इथे होते. खोलीच्या छताखाली हवा साठते. अंडी त्या छताला चिकटवलेली असतात. भोवती प्राणवायू नसलेला चिखल, आणि मध्ये अंड्यांना मोकळी हवा!

पुढचे नवल आणखी मोठे आहे. जपानात याच कुळातल्या एका लहान जातीवर पाळत ठेवून २००७ साली शास्त्रज्ञांनी जे छापले ते असे. अंडी हवेत वाढतात, पण फुटायची वेळ आली की त्यांना पाणी लागते. पाणी लागले नाही तर पिल्ले बाहेर पडत नाहीत. बरोबर वेळ झाली की रात्रीच्या भरतीला बाप खोलीत जातो. आता तो उलटे काम करतो. तोंडात हवा भरून बाहेर नेऊन सोडतो. हवा गेली की पाणी वर चढते, अंडी भिजतात, आणि पिल्ले भरतीच्या पाण्यात निघून जातात. वीतभरही नसलेल्या माशाला हे कुणी शिकवले?

या सगळ्याचा आपल्याशी संबंध आहे. बीळ खणून निवटी काढली तर एक मासा हाती येतो. पण आत अंडी असतील तर ती खोली मोडते, आणि शेकडो पिल्ले जातात. म्हणून ज्या दिवसांत पकडलेल्या निवट्यांच्या पोटात गाबोळी दिसू लागते, त्या दिवसांत बिळे खणू नयेत. वर फिरणारी मिळेल तेवढी घ्यावी.

पकडणे आणि विकणे

निवटी पकडायला होडी लागत नाही, इंजिन लागत नाही, डिझेल लागत नाही. जाळेही नसले तरी चालते. दोन हात, एक टोपली आणि ओहोटीची वेळ. म्हणून हे गरिबाचे मासे. ज्या घरात होडी नाही, त्या घरातली बाई खाडीत उतरते. कधी निवट्या, कधी चिंबोऱ्या, कधी शिवल्या, कधी कालवे. दुपारपर्यंत टोपली घेऊन बाजारात बसते.

बिळाला एकाहून जास्त तोंडे असतात. एका तोंडात हात घालायचा, दुसऱ्यावर डोळा ठेवायचा. हे ऐकायला सोपे आहे. आम्ही करून पाहिले. आमच्या हाती चिखल आला.

निवटी हवेत जगते, म्हणून ती बाजारात जिवंत येते. बर्फ लागत नाही. "मावशी, ताज्या आहेत का?" असे विचारले तर मावशी बोलत नाही. नुसती टोपलीवर टिचकी मारते. आतल्या निवट्या उड्या मारून उत्तर देतात. घरी आणल्यावर मीठ किंवा चुलीची राख चोळून बुळबुळीतपणा काढायचा, साफ करायच्या, आणि कैरी किंवा चिंच घालून तिखट कालवण करायचे.

चिखलात उतरणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. एकट्याने जाऊ नये. भरतीची वेळ पाठ असावी. पाणी वळले की टोपली भरलेली असो की रिकामी, परत फिरावे. खाडीत पाणी समोरून येत नाही. ते बाजूच्या चरांतून येऊन मागची वाट बुडवते. पाय गुडघ्याच्या वर रुतला तर जोर करून उपसू नये. जोर केला की दुसरा पाय जातो. आडवे व्हावे, अंग चिखलावर पसरावे, आणि हळूहळू पाय सोडवून सरपटत यावे. निवटी तरी काय करते? तीही सरपटतेच.

घाणेरड्या खाडीतली निवटी

ठाण्याच्या खाडीच्या काठी जुनी माणसे सांगतात, पूर्वी निवट्या दाराशी मिळत. आता लांब जावे लागते. खाडीच्या काठी साठ-सत्तर वर्षांत कारखाने आणि शहरे वाढली. त्यांचे सांडपाणी खाडीत आले. २०१५ साली सरकारने या खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य केला. २०२२ साली तिला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, म्हणजे रामसर यादीत, घेतले. गुलाबी पक्षी पाहायला लोक लांबून येतात. पण पक्षी आले म्हणून चिखल स्वच्छ झाला असे समजू नये.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. घाण दोन तऱ्हेची असते. गटाराच्या पाण्यात रोगाचे जंतू असतात. चांगले शिजवले की जंतू मरतात. कारखान्याच्या पाण्यात मात्र शिसे, पारा, कॅडमियम असे धातू येऊ शकतात. धातू उकळून जात नाहीत, तळून जात नाहीत, राखेने चोळून जात नाहीत. ते चिखलात बसतात. निवटी तर चिखलाचीच साय खाते. तिच्यातून ते माणसाच्या अंगात येतात आणि साठत राहतात. पोटुशी बाई आणि लहान मूल यांना त्यांचा त्रास जास्त. तेव्हा कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी मिळालेली निवटी कितीही लठ्ठ असली, तरी घेऊ नये. रॉकेलसारखा वास येणारी तर मुळीच नको. विकूही नये. आपल्या पोराला जे देणार नाही, ते गिऱ्हाइकाच्या पोराला कसे द्यायचे?

बांध घालावा की नाही?

कोकणात खाडीला बांध घालून खारी जमीन भाताखाली आणायची रीत जुनी आहे. बांधाला उघाडी ठेवतात. भरतीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही, पावसाचे पाणी बाहेर सोडायचे. या जमिनीवर पुष्कळ घरांचे पोट आहे. पण बांध पडला की आतल्या चिखलावर भरती येत नाही, आणि निवटी संपते. दोघांचेही म्हणणे खरे असते. शेतकऱ्याला भात हवा, कोळणीला चिखल हवा.

जपानात हा वाद फार मोठा झाला. तिथे आरिआके नावाच्या उपसागरात भरती-ओहोटीचा फरक सहा मीटरपर्यंत असतो. चिखलाची मैदाने मैलोगणती. तिथेही निवटीची एक जात आहे. तिला मुत्सुगोरो म्हणतात. लोक ती आवडीने भाजून खातात. कोळी एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्या पायाने चिखल ढकलत सरकतात, आणि लांब दोरीच्या गळाने लांबूनच तिला अडकवतात. १४ एप्रिल १९९७ या दिवशी या उपसागराच्या इसाहाया नावाच्या फाट्यावर सरकारने पोलादाची २९३ दारे ओळीने खाली सोडली. सात किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला. हेतू शेतीचा आणि पुरापासून बचावाचा होता. आतला चिखल वाळून भेगाळला. निवट्या, खेकडे, शिंपल्या मेल्या. पुढे बाहेरच्या मच्छिमारांनी तक्रार केली, की आमचेही उत्पन्न बुडाले, दारे उघडा. नव्या जमिनीवर शेती करणारे म्हणाले, उघडू नका, खारे पाणी येईल. २०१० साली एका न्यायालयाने उघडा म्हणून सांगितले. २०१३ साली दुसऱ्याने उघडू नका म्हणून सांगितले. शेवटी २०२३ साली वरिष्ठ न्यायालयाने दारे बंद ठेवण्याच्या बाजूने वाद मिटवला. सव्वीस वर्षे गेली.

आम्हांला वाटते, जुने बांध नीट राखावेत, कारण त्यांवर भात आहे. पण उरलेल्या चिखलावर नवा भराव नको. खाडीकाठी आज जो भराव पडतो, तो बहुतेक भातासाठी नसतो. रात्री ट्रक येतो, पाडलेल्या इमारतीचा राडारोडा टाकतो, आणि जातो. चार महिन्यांत तिथे कुंपण उभे राहते. भात नाही आणि निवटीही नाही.

याबाबत कायदा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली महाराष्ट्रात कांदळवन तोडायला बंदी केली. २०१८ साली पक्का निकाल दिला. कांदळवन सरकारी असो की खाजगी, ते तोडता येत नाही. त्याच्या भोवती ५० मीटरपर्यंत बांधकाम किंवा राडारोडा चालत नाही. किनाऱ्याबाबत केंद्र सरकारचे नियम १९९१ साली प्रथम आले. आता २०१९ चे नियम आहेत. त्यांत कांदळवनाबरोबर चिखलाची मैदानेही राखीव धरली आहेत. म्हणजे "ही पडीक जागा आहे" असे कुणी म्हटले, तर ते खोटे आहे.

भराव पडताना दिसला तर अर्ज लिहावा. तुम्हांला आता लिहिता येते. अर्ज तहसीलदाराच्या नावाने करावा, आणि एक प्रत वनखात्याच्या कांदळवन कक्षाला पाठवावी. गावाचे नाव, खाडीचे नाव, ठाऊक असल्यास जमिनीचा गट नंबर, भराव पडल्याची तारीख आणि वेळ लिहावी. ट्रकचा नंबर दिसला असेल तर तोही. शिव्या आणि संशय लिहू नयेत. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. जितक्या जणांनी पाहिले तितक्यांनी सही करावी. खाडीत उतरणाऱ्या बायांच्या सह्या आधी घ्याव्यात. कचेरीत अर्ज देताना आपल्याजवळच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घ्यावी, आणि ती प्रत जपून ठेवावी.